सिस्टर, तुम्ही दोन आकड्यांमधलं अंतर बघितलंत

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात तुमच्या वॉर्डात डेंग्यूच्या पेशंटची रीघ असते, तेव्हा आम्ही तुमच्या लक्षात असू असं नाही. खिडकीजवळच्या कॉटवरचा १९ वर्षांचा मुलगा माझा. डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती. पेढे दुसऱ्या सिस्टरच्या हाती ठेवून निघाले, पण मनाला रुखरुख लागली. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण त्या रात्री तुम्ही जे हेरलंत ते माझ्यासारख्या प्रत्येक आईला ठाऊक हवं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा ताप उतरला आणि मी घरी फोन करून देवापुढे साखर ठेवायला सांगितली. आता काळजी फक्त प्लेटलेट्सची, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या ३८ हजारांवर आल्या होत्या. माझा भाऊ रक्तपेढीत चौकशी करत होता, दीर पपईच्या पानांचा रस घेऊन आले होते.

रात्री दोनला तुम्ही बीपी घेतलंत. १००/८४. मी म्हटलं, "शंभर आहे ना, मग बरंय." तुम्ही म्हणालात, "काकू, वरचा आकडा धरून बसू नका. दोन्हींतलं अंतर बघा, १६च उरलंय. २०वर आलं तरी आम्ही धोका समजतो." त्याचे तळवे गार पडले होते. तुम्ही त्याचं नख दाबून सोडलंत, ते लवकर गुलाबी होईना. तो सारखा कूस बदलत होता, पोट दुखतंय म्हणत होता. मी ते अ‍ॅसिडिटीवर घातलं होतं. तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही समजावलंत तेव्हा माझ्या पायांतलं बळ गेलं. डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं आणि रक्तातलं पाणी झिरपून पोटात, छातीत साचतं. हे बहुधा ताप उतरतानाच होतं, आणि पुढचे २४ ते ४८ तास नाजूक असतात. वाहिन्यांत रक्त कमी उरलं की हृदयाच्या दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. मग शरीर वाहिन्या आवळून धरतं, म्हणून खालचा आकडा चढतो आणि वरचा काही काळ टिकून राहतो. म्हणजे ते शंभर आम्हाला फसवत होते. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, ४१वरून ५०वर गेलेलं पाहून तर मला वाटलं होतं, रक्त वाढलं! रक्त वाढलं नव्हतं, घट्ट झालं होतं.

सलाईन वजनाच्या हिशोबानं सुरू झालं. तुम्ही दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, नख बघत होतात, लघवी मोजत होतात. कुठूनही रक्तस्राव नव्हता, त्यामुळे प्लेटलेट्स चढवाव्या लागल्या नाहीत. पहाटे पाचला १०८/७४ झालं. तुम्ही नुसतं "सुटलं" म्हणालात.

सातव्या दिवशी सलाईन बंद केलं तेव्हा दीर तुमच्याशी हुज्जत घालायला लागले. त्याची मी माफी मागते. झिरपलेलं पाणी आता परत वाहिन्यांत येतंय, वरून सलाईन चालू ठेवलं तर फुप्फुसांत पाणी होईल, हृदयावर ताण येईल, हे तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत. नाडी ५०वर आली तेव्हा मी घाबरले. डेंग्यूतून उठताना ती बऱ्याचदा मंदावते, पण क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, म्हणून डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो चांगला आला.

एका गोष्टीचे आभार वेगळे मानायचेत. दुसऱ्या दिवशी अंग फार दुखतं म्हणून मीच त्याला घरात पडलेली वेदनाशामक गोळी दिली होती. हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. तुम्ही रागावला नाहीत, पेपरवर नोंद केलीत आणि म्हणालात, "डेंग्यूत त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, काकू. फक्त पॅरासिटामॉल." ती पट्टी मी घरी आल्याबरोबर फेकून दिली.

पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन येतेय. त्या रात्रीचं त्याला फारसं काही आठवत नाही. कुणीतरी सारखं येऊन नख दाबत होतं, एवढंच म्हणतो.

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवाल्याची आई