गाडी रोज नको, पण वार तरी नीट ठरवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या रोज का सोडता येत नाहीत, यावरचा आपला लेख वाचला. डबे कमी, रुळांवर जागा नाही, काही मार्गांवर प्रवासीही तेवढे नाहीत, हे सगळं पटलं. पण रोज सोडता येत नाही म्हटल्यावर ती कोणत्या वारी सोडायची, याबद्दल लेखात एक ओळही नाही. माझं भांडण तिथेच आहे.

समजा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ तास लागतात. सोमवारी संध्याकाळी सहाला निघालेला रेक (म्हणजे गाडीच्या डब्यांचा जोडलेला अख्खा संच) बुधवारी सकाळी सहाला पोचतो. दिवसभरात धुणं-पुसणं, तपासणी, पाणी भरणं उरकून संध्याकाळी परत फिरतो आणि शुक्रवारी सकाळी मूळ ठिकाणी येतो. म्हणजे एक फेरा चार दिवसांचा. रोज गाडी हवी तर चार रेक हवेत. हाताशी दोनच असतील तर गाडी दिवसाआड निघू शकते. पण आठवडा पडला सात दिवसांचा! दिवसाआड सोडली तर एका आठवड्यात सोम, बुध, शुक्र, रवी आणि पुढच्यात मंगळ, गुरू, शनी. हे कोण लक्षात ठेवणार? तारखांवर सोडावी, तर तिथेही अडतं. रशियात सम किंवा विषम तारखांना सुटणाऱ्या गाड्या आहेत. विषम तारखांच्या गाडीला ३१ नंतर लगेच १ येते आणि सम तारखांच्या गाडीला ३० नंतर थेट २, म्हणजे मध्ये दोन दिवस कोरडे. वर्षात निदान सात महिने हा घोळ निस्तरावा लागतो.

म्हणून मग ठरावीक तीन वार ठरतात, आणि बहुतेकदा डोळे झाकून सोम-बुध-शुक्र. रविवारी, लोकांना परतायचं असतं नेमक्या त्या दिवशी, तयार रेक यार्डात उभा! त्याच दोन रेकवर बुध-शुक्र-रवी ही गाडी तितकीच चालते. परतीचे वार मग शुक्र-रवी-मंगळ येतात, म्हणजे शुक्रवार आणि रविवार दोन्ही टोकांना मिळतात. एकही डबा जास्त लागत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कहून शिकागोला जाणारी ‘कार्डिनल’ बुध, शुक्र, रवी अशीच सुटते.

दुसरं, दोन गाड्यांचा अर्धा मार्ग एकच असेल तर एक आठवड्यातून तीनदा आणि दुसरी उरलेले चार दिवस, वेळ मात्र एकच, असं बसवता येतं. त्या अर्ध्या मार्गावरच्या गावांना मग रोजची गाडी मिळाल्यासारखंच झालं. प्रत्यक्षात कित्येकदा दोघी एकाच दिवशी दोन तासांच्या अंतराने पळतात आणि दुसऱ्या दिवशी फलाटावर शुकशुकाट.

फेऱ्या कमी केल्या की पैसे वाचतात, हेही तितकंसं खरं नाही. अमेरिकेची प्रवासी रेल्वे चालवणाऱ्या ‘अ‍ॅमट्रॅक’ने १९९५ मध्ये रोजच्या काही गाड्या आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आणल्या. अपेक्षेइतकी बचत झाली नाही. स्टेशनं, यार्ड, तिकीटखिडक्या तशाच राहिल्या, पगार चालूच, प्रवासी मात्र गेले. ज्याच्या वारी गाडी नाही, तो बसने किंवा विमानाने जातो आणि पुढच्या वेळी रेल्वेची चौकशीही करत नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या पुन्हा रोज कराव्या लागल्या. कोविडकाळात, २०२० मध्ये, तोच प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये तोही मागे घेतला गेला.

आता घरचं सांगतो. रोजच्या गाडीत वाराची चूक होत नाही, कारण वार पाहावाच लागत नाही. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या गाडीत (हिला ‘द्विसाप्ताहिक’ म्हणतात, आणि निम्मे लोक ते पाक्षिक समजतात, ते वेगळंच) एक वार चुकला की तीन-चार दिवस गेले. आमची आत्या अशाच एका गाडीने येणार होती. आमच्या स्टेशनवरची वेळ ‘गुरुवार, ००.४०’. मी गुरुवारी रात्री जायचं ठरवून बुधवारी निवांत झोपलो. पाऊण वाजता फोन. “अरे, मी उतरले. इथे एक कुत्रं आणि मी, दोघंच आहोत. तू कुठायस?” चूक माझी होती, कबूल. पण मूळ स्टेशनचे वार ठळक आणि मधल्या स्टेशनांच्या वारांसाठी कोपऱ्यात बारीक ताऱ्याची (*) खूण, असं वेळापत्रक असेल तर असं होणारच. त्यातही मध्यरात्रीनंतरच्या वेळांना नुसता वार पुरत नाही.

आत्या आता येण्याआधी सांगते, “बुधवारची रात्र उलटून गुरुवार लागला की.” प्रत्येक स्टेशनच्या वेळेपुढे असंच छापायला काय हरकत आहे?

आपला,
एक नियमित वाचक