ऑटोमॅटिक विकता, मग आत काय आहे तेही सांगा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

दिवाळीच्या तोंडावर शोरूमवाले 'क्लचची कटकटच नाही' म्हणत गाड्या विकतायत, म्हणून लिहितोय. माझी छोटी ऑटोमॅटिक, ५८ हजार किमी झालेली, गेले तीनेक महिने पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना असा झटका द्यायची की मागं बसलेली आई दरवेळी 'अरे हळू' म्हणायची, आणि फ्लायओव्हर चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, आरपीएम वर आणि गाडी ढिम्म. सर्व्हिस सेंटरनं चक्कर न मारताच क्लच, ॲक्चुएटर (क्लच आपोआप दाबणारं यंत्र) सगळं बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं, आकडा बघून मी चावी परत मागितली.

हडपसरच्या एका गॅरेजवाल्या मामांनी आधी स्कॅनर लावला, बॅटरी बघितली, ॲक्चुएटरचं ऑइल बघितलं, सगळं ठीक. मग टॉमी (लोखंडी पहार) घालून इंजिन जरा उचकटलं तर इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं रबर फाटून लोंबत होतं! निम्मा झटका तिथलाच. क्लच प्लेट मात्र खरंच संपलेली, रिव्हेटपर्यंत घासलेली, आणि ते पाप माझंच. कात्रजच्या चढावर जॅममध्ये मी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायचो. अहो, माझी गाडी एएमटी, म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच फक्त आपल्या पायाऐवजी ॲक्चुएटर दाबतो, त्यामुळं अशी धरली की प्लेट जळणारच. नवी प्लेट टाकल्यावर मामांनी स्कॅनरनं क्लचचं लर्निंग करून घेतलं, म्हणजे नवी प्लेट कुठं पकडते ते गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवलं, ते राहिलं तर नव्या प्लेटवरही झटके येतात म्हणे. ॲक्चुएटर जुनाच आहे, मस्त चालतोय.

शेजाऱ्यांची सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक, तिचं दुखणं वेगळं, तिथं आधी ऑइल बघतात, काळं पडलंय का, जळका वास येतोय का, आणि तिला तिचंच ऑइल लागतं, दुसरं कुठलं ओतलं तर बेल्ट-पुलीची वाट. पण दोन्हींना आपण ऑटोमॅटिकच म्हणतो आणि विकणारेही तेवढंच सांगतात.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं झालं, 'चढावर ब्रेक धरा' एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही. गाडीसोबतच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं निघालं, पण ते मी ग्लोव्ह बॉक्समधून काढलंच नव्हतं.

एक वाचक, पुणे