'ट्रेनिंग फीमध्येच आहे' म्हणजे नेमकं काय?

ती. दादा,
सा. न.

फ्रँचायझीच्या खर्चाचा तू पाठवलेला कागद सावकाश वाचला. फी, डिपॉझिट, फर्निचर, पहिला माल, सगळं नीट मांडलंयस. ट्रेनिंगपुढे मात्र नुसतं 'फीमध्येच' लिहिलंयस, ते मला खटकलं.

फीमध्ये असतं ते शिकवणं. जाण्यायेण्याचा आणि राहण्याजेवणाचा खर्च बहुतेक वेळा ज्याचा त्याने करायचा असतो. शिवाय मॅनेजर ट्रेनिंगला गेला की त्याचा पगार सुरू, आणि आपला गल्ला अजून उघडलेलाही नाही. तू स्वतः जाशील तेवढ्या दिवसांची तुझी कमाईही बुडेल. कंपनीच्या कुठल्याच कागदावर ही रक्कम येत नाही, म्हणून ती तूच मांड. माणसं गुणिले दिवस करून राहणं, जेवण आणि पगार काढ, त्यात प्रवास मिळव. आकडा बघून वहिनी आधी चिडेल, पण तो आत्ता कळलेला बरा.

फीमध्ये किती जणांचं ट्रेनिंग धरलंय तेही विचार. बरेचदा मालक आणि आणखी एखादा, एवढंच असतं. पुढच्या प्रत्येक माणसामागे वेगळे पैसे. तुझा मॅनेजर सहा महिन्यांत सोडून गेला तर नव्याला कोण शिकवणार आणि कोणाच्या खर्चाने? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण माणसं टिकत नाहीत हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. निदान एका माणसाच्या फेरट्रेनिंगचे पैसे बाजूला काढून ठेव. उद्घाटनाच्या वेळी कंपनीचा माणूस मदतीला येतो, त्याचं भाडं आणि हॉटेल कोणाकडे, हेही लिहून घे.

इथे अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा नियम आहे. सही करण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांची माहितीपुस्तिका द्यावी लागते. सातव्या मुद्द्यात सुरुवातीच्या गुंतवणुकीचा अंदाज असतो आणि अकराव्यात ट्रेनिंगचा तक्ता: विषय कोणते, वर्गात किती तास, प्रत्यक्ष कामावर किती, आणि कुठे. विसाव्यात चालू आणि सोडून गेलेल्या फ्रँचायझीवाल्यांची माहिती असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे आपणहून कोणी हे देणार नाही. पण तसाच तक्ता मागायला कोणाची हरकत आहे? द्यायला टाळाटाळ झाली तर मी सही लांबणीवर टाकीन. आणि सोडून गेलेल्या एखाद्याला गाठच. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं यापेक्षा तिथे काय शिकवलं नाही, ते तो सांगेल.

तारखांचंही बघ. जागा ताब्यात यायला उशीर होणार असेल तर आधीच ट्रेनिंग उरकू नकोस. शिकलेलं विसरायला होतं आणि तयार झालेली माणसं बसल्या पगारावर राहतात. उलट ट्रेनिंग लांबलं तर रिकाम्या जागेचं भाडं चालू. ट्रेनिंग पूर्ण झालं नाही, तर भरलेली फी परत मिळते की बुडते, हे करारात शोध.

कराराच्या मसुद्यातली ट्रेनिंगची पानं फोटो काढून पाठव, शनिवारी फोनवर एकेक ओळ बघू. आई-बाबांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच