संकेत फोडणाऱ्यांमागचा हिशेबनीस

मा. संपादक, स. न.

दुसऱ्या महायुद्धातल्या 'एनिग्मा' या जर्मन संकेतयंत्रावर मराठीत लेख येतो, तेव्हा त्यात ते संकेत फोडणारा गणिती ॲलन ट्युरिंग असतोच. त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण ज्याने ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेत फोडणाऱ्या केंद्राचा गाडा हाकला, त्या एडवर्ड ट्रॅव्हिसचा साधा उल्लेखही नसतो. तारयंत्र आणि बिनतारीत हयात गेलेल्या आम्हा मंडळींना हे खटकते.

ट्रॅव्हिस (१८८८–१९५६) १९०६ साली ब्रिटिश नौदलात शिरला तो पेमास्टर म्हणून. म्हणजे पगार, रसद आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या शाखेत. पहिल्या महायुद्धात तो ॲडमिरल जेलिकोच्या 'आयर्न ड्यूक' या युद्धनौकेवर होता. १९१६पासून नौदलाच्या स्वतःच्या संकेतांची सुरक्षा त्याच्याकडे आली. पुढे सरकारी संकेतसंस्थेत तो तिचा प्रमुख डेनिस्टन याचा दुय्यम झाला. फेब्रुवारी १९४२मध्ये ब्लेचलीचा कारभार त्याच्या हाती आला आणि १९४४ला संचालकपद मिळाले. युद्धानंतर ती संस्था जीसीएचक्यू या नावाने ब्रिटनची संदेश-टेहळणी संस्था झाली, तिचा तो १९५२पर्यंत प्रमुख होता.

गणित्यांच्या जागी हिशेबनीस कशाला, असे वाटेल. त्यासाठी काम कसे चाले ते पाहावे. एनिग्मात कुठलेही अक्षर स्वतःच्याच रूपात उमटत नाही. त्यामुळे 'हवामान' असा एखादा अंदाजी मजकूर संदेशाखाली धरून पुढे-मागे सरकवायचा. जिथे एकही अक्षर वरच्या अक्षराशी जुळत नाही, तिथे तो बसू शकतो. मग त्यावरून जोडणी आखून, एनिग्माच्या स्थिती भराभर तपासणारे 'बॉम्ब' नावाचे यंत्र लावायचे. एनिग्मातल्या फिरत्या चकत्यांच्या एका मांडणीच्या १७,५७६ स्थिती तपासायला पंधरा-वीस मिनिटे लागत. पाचांतल्या तीन चकत्या निवडल्या तर मांडण्या ६०. जर्मन नौदलाकडे आठ चकत्या, म्हणून ३३६. एकाच यंत्रावर सगळ्या तपासायच्या तर चारेक दिवस हवेत, आणि यंत्राची मांडणी, म्हणजे संकेताची किल्ली, तर रोज नाहीतर दोन दिवसांनी बदलणार! अंदाज चुकला, मूळ संदेश उतरवताना एखादे अक्षर हुकले, तरी फेरी वाया. तेव्हा खरी गरज यंत्रांची, तीन पाळ्यांची आणि अचूक उतरवणाऱ्या कानांची होती. भुसावळच्या जुन्या तारबाबूंना पलीकडे तारेच्या खटक्यावर कोण बसलाय हे 'हाता'वरून कळे. तसेच कान तिथेही लागत.

यंत्रे आणि माणसे पुरेनात, तेव्हा ट्युरिंग आणि ब्लेचलीतलेच त्याचे सहकारी वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिलनर-बॅरी यांनी २१ ऑक्टोबर १९४१ रोजी थेट चर्चिलला पत्र लिहिले. त्यांची गाऱ्हाणी बरीच होती, पण ट्रॅव्हिसच्या धडाडीचे आणि दूरदृष्टीचे त्यात कौतुकच आहे. चर्चिलने त्यांना हवे ते प्राधान्याने द्यायला सांगितले. युद्ध संपत आले तेव्हा ब्लेचलीच्या कामावर नऊ-दहा हजार माणसे होती आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया. बॉम्ब यंत्रेही प्रामुख्याने नौदलाच्या महिला शाखेतल्या मुलीच चालवत.

ट्रॅव्हिसच्या खात्यावर एक डागही आहे. मित्रराष्ट्रांच्या जहाजतांड्यांसाठी वापरला जाणारा ब्रिटिश 'नेव्हल सायफर क्रमांक ३' जर्मन नौदलाचे संकेत फोडणारे बे-डीन्स्ट खाते वाचत होते. त्यात शब्दाला चार आकडी गट द्यायचे आणि त्यावर आकड्यांच्या गुप्त तक्त्यातले आकडे, हातचा न घेता, चढवायचे. संदेश वाढले, तक्ते अपुरे पडले आणि तोच भाग पुन्हा पुन्हा वापरला जाऊ लागला. तक्त्याच्या एकाच भागावरचे दोन संदेश एकमेकांतून वजा केले की तक्ता गळून पडतो! जून १९४३मध्ये हा सायफर बदलला. तोवर जहाजे बुडत होती. मोठा दोष नौदल मुख्यालयाचा, पण संकेतसुरक्षेचे काम वर्षानुवर्षे ट्रॅव्हिसकडे होते. हे सांगितल्याशिवाय त्याची कारकीर्द पुरी होत नाही.

एक विनंती. जळगाव, धुळे, नंदुरबारची मुले संरक्षण सेवांच्या परीक्षा देतात, पण 'नौदल' म्हटले की त्यांना जहाज आणि तोफच दिसते. लॉजिस्टिक्सच्या, म्हणजे रसद शाखेच्या, अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण मालाडच्या आयएनएस हमलावर होते, विद्युत शाखेचे जामनगरच्या आयएनएस वालसुरावर. या शाखांची कामे आणि भरतीच्या अटी आपल्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर सविस्तर द्याव्यात.

— तारयंत्र व बिनतारी विभागांतील काही निवृत्त कर्मचारी, भुसावळ