चौकटीत नसलेला तलाव

महोदय,

पाऊस सुरू झाला की आपल्या अंकात सात तलावांच्या पाणीसाठ्याची चौकट रोज येते. आमच्या घरी चहासोबत आधी तीच वाचली जाते. त्या चौकटीत पवई कधीच नसतो. तोही मुंबईची तहान भागवण्यासाठीच १८९१ मध्ये बांधला गेला होता. आज त्याचे पाणी उद्योगांना नि आरे दूध वसाहतीला जाते, पिण्यासाठी नाही. शेजारचे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) त्याच्याहून म्हातारे, तरी अजून आपल्या नळाला येतात.

पवईचे पाणी सुरुवातीपासूनच फारसे पसंत पडले नव्हते, हे मान्य. पण आज त्यात जे मिसळते ते सांडपाणी आहे, आणि ते काठावरच्या वस्तीतून येते. विहार-तुळशीभोवती राष्ट्रीय उद्यानाचे जंगल उभे आहे, पवईभोवती इमारती. पाऊस मात्र तिन्हींवर एकच पडतो. आता जलपर्णी काढा, सांडपाणी वळवा, पुन्हा जलपर्णी काढा, असा खर्च महापालिकेच्या मागे कायमचा लागला आहे.

हे लिहायचे कारण भातसा धरण. त्याचेही पवईसारखे होऊ नये. मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी तिथून येते. शहापूर-इगतपुरीच्या वाटेवर ‘एनए प्लॉट’ (अकृषिक केलेली जमीन) आणि ‘लेक व्ह्यू’ फार्महाऊसचे फलक मोजून पाहावेत. मी मागच्या वेळी मोजणे सोडून दिले. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? भाताच्या एका पिकात काय सुटते? त्यातून धरण उशाशी असूनही शहापुरातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये, आपले पिण्याचे पाणी जिथून येते त्या कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. जमीन राखायची तर पैसे शहर देणार, आणि विकत घेणार तीही राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच. शेणमूत ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनाही मदत. एवढे केल्याने अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प टळला.

इथे महापालिका आणि राज्य सरकारने मिळून पाणीपट्टीतला ठरावीक वाटा पाणलोटासाठी बाजूला काढावा. भातशेती, गवत, झाडे राखणाऱ्या खातेदाराला दरवर्षी थेट रक्कम द्यावी. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल सांभाळण्याचा खर्च द्यावा. आणि त्याआधी त्या पाड्यांत नळ पोचवावा, नाहीतर कोण ऐकेल आपले? सध्या उलटेच चालले आहे. सात तलावांपैकी तानसाचे पाणी जे जंगल राखते, त्याच अभयारण्यातली जमीन मुंबईच्या नव्या गारगाई धरणासाठी मागितली जाते.

आपणही एक करू शकता. त्या रोजच्या चौकटीत, साठ्याच्या टक्क्यांशेजारी, त्या त्या पाणलोटात यंदा किती जमीन अकृषिक झाली तोही आकडा मिळवून छापावा.

– एक वाचक, भांडुप