आगोट भरताना पुराचाही विचार हवा

महोदय,
पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात घरोघरी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरली जाते. तांदूळ, कडधान्ये, मसाला, सुकी मासळी, सगळे साग्रसंगीत. पण २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा कित्येक घरांतले हे भरलेले डबेच पाण्याखाली गेले. जे वाचले ते शिजवायचे कशावर? शेगडीही पाण्यातच.

म्हणून आगोटीतला एक डबा न शिजवता खाता येईल अशा जिनसांचा असावा. चुरमुरे, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, सातूचे पीठ. झाकण घट्ट हवे आणि डबा माळ्यावर हवा. ओट्याखाली ठेवला तर फुटाण्यांची उसळच व्हायची! पिण्याचे पाणी मात्र हटकून विसरले जाते. माणशी रोज ३ लिटर धरले तरी चौघांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागते. घरात तान्हे मूल असेल तर दुधाची पावडर, वडीलधाऱ्यांच्या गोळ्याही तिथेच ठेवाव्यात. गणपतीनंतर डबा खाऊन संपवावा, पुढच्या मे महिन्यात नवा भरावा.

नगरपालिकेने पावसाळ्यापूर्वीच्या सूचनांत ही यादी छापावी, ही विनंती.

– एक गृहिणी, चिपळूण