अंगठा, ओटीपी आणि आपण तिघे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर मी नेहमी घाईत असतो आणि चार सूचना देऊन मोकळा होतो, म्हणून हे मुद्दाम कागदावर लिहीत आहे. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आपण बँकेत गेलो, तेव्हा यंत्राने बाबांचा अंगठा चार वेळा नाकारला आणि पाचव्या वेळी मी सर्वांसमक्ष "बाबा, नीट दाबा ना" असे म्हणालो. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत. अंगठा सदऱ्याला पुसलात आणि पुन्हा ठेवलात. मुंबईच्या चाकरमान्यांनी गावी धाडलेल्या मनिऑर्डरी वाटताना ज्या पोस्टमास्तरांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांचे अंगठे शाईच्या गादीवर टेकवून घेतले, त्यांची पत्रे वाचून दाखवली आणि कोणालाही कधी ओशाळे वाटू दिले नाही, त्यांच्याशी मी असा बोललो, हे अजून टोचते.

वय वाढते तशी कातडी कोरडी आणि पातळ होत जाते, बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. यात तुमची चूक ती कोणती? हयातीचा दाखला यंत्रावर देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली ती पेन्शनरांचे हेलपाटे वाचावेत म्हणूनच, पण तिची भिस्त बोटांचे ठसे आणि बुबुळे यांवर होती; मोबाइलवर चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय यायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. आता पोस्टमन घरी येऊनही ७० रुपयांत हे काम करून देतो. बाबा, तुमच्याच खात्याचा माणूस आपल्या पडवीत आला असता आणि मी तुम्हांला रिक्षात घालून तालुक्याच्या गावी नेले.

म्हाताऱ्यांना शिकायचेच नसते, असे आमच्या पिढीत सर्रास बोलले जाते. मीही बोललो आहे. परंतु शिकवण्याची व्यवस्था कोणासाठी होती, हेही पाहिले पाहिजे. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये मंजूर झाले, सहा कोटी ग्रामीण घरांतील प्रत्येकी एका व्यक्तीला शिकवायचे ठरले आणि वयाची अट ठेवली गेली १४ ते ६० वर्षे. त्या वर्षी बाबा ६९ वर्षांचे होते आणि आई ६४ वर्षांची. पावसाळ्यात वीज गेली की गावातली रेंजही जाते, ही अडचण आहेच. तरी माझ्या मते अधिक मोठी अडचण घरातली आहे, आणि ती म्हणजे मी.

आई, तुझ्या बँकेच्या खात्याला मोबाइल क्रमांक माझा जोडलेला आहे. त्यामुळे तुझ्याच पैशांसाठी येणारा ओटीपी पुण्यात माझ्या फोनवर येतो, तो तू मला विचारतेस, मी तो तुला फोनवर सांगतो आणि त्याच संभाषणात ओटीपी कोणालाही सांगू नये असे बजावतो! तुला दिलेला फोन माझा जुना, काच तडकलेली, सारी अक्षरे इंग्रजी. तू तरीही बोलून संदेश धाडायला शिकलीस आणि कीर्तने शोधायलाही. केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या, वेळी मात्र फोनवर "डोळे मिचकावा" अशी आज्ञा आली आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे तुझे डोळे त्या गोलात बसेनात, तेव्हा मी "दे इकडे" म्हणून फोन ओढून घेतला. डोळे मिचकावण्याच्या अशाच अटीचा प्रश्न ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींनी सर्वोच्च न्यायालयात नेला होता, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

भीतीही मीच घातली. फसवणुकीच्या इतक्या बातम्या मी पाठवल्या की बाबा अनोळखी फोन उचलेनासे झाले, पण त्यातली कामाची गोष्ट सांगायची राहून गेली. व्हिडिओ कॉलवरून धमकावून करतात ती 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश दिसला तरी फोन खुशाल ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, माझी वाट पाहू नये.

दिवाळीत मी आठ दिवस येत आहे. आईच्या नावाचे सिमकार्ड घेऊ, बँकेत क्रमांक बदलून घेऊ आणि फोन मराठीत करू. मी शेजारी बसेन, फोनला हात लावणार नाही. बाबा, तुम्हांला यातले काहीच नको असेल तर तेही मला मान्य आहे, कारण सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना घरी येऊन सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे आणि तसा अर्ज आपण शाखेत देऊ शकतो. तोपर्यंत आईने या पत्राचे उत्तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवावे. बाबांचे आंतरदेशीय पत्रच येईल, हे मी जाणून आहे.

आपला,
मधला